काल्पनिक संघराज्यातले प्रांत कसे उभे करायचे: रंग भरण्याआधी करार लिहा

कादंबरीसाठी किंवा गेमसाठी काल्पनिक देश बनवणाऱ्यांची एक सवय असते, मी स्वतः ती चूक करून बसलोय म्हणून सांगतो. नकाशा काढला की लगेच रंग भरायला घ्यायचे आणि प्रत्येक रंगाला एक राज्यपद्धत चिकटवायची. इथे राजा, इथे लोकशाही, इथे व्यापाऱ्यांची सभा, तिकडे कोपऱ्यात साधूंचं राज्य. दिसायला एकदम झकास. पण दोन प्रकरणं लिहून झाली किंवा गेमची दोन सेशन झाली की कोणीतरी विचारतंच, अरे हे सगळे एका देशात राहतात कसे, राजाच्या प्रांतातला खुनी पळून लोकशाहीवाल्या प्रांतात गेला तर त्याला पकडायचं कोणी? आणि आपण गप्प. माझ्या पहिल्या देशात अकरा प्रांत होते, अकरा पद्धती होत्या आणि एकाचं दुसऱ्याशी काही देणंघेणं नव्हतं. देश कसला, अकरा पोस्टर शेजारी शेजारी लावलेली.

नंतर मी उलट बाजूने सुरुवात करायला लागलो. प्रांताची राज्यपद्धत आधी ठरवायचीच नाही. आधी ठरवायचं की तो या देशात शिरला कसा, येताना काय घेऊन आला आणि काय सोडायला नाही म्हणाला. एवढं नीट जमलं की पद्धत आपोआप बाहेर पडते, आणि ती आपण डोकं खाजवून रचलेल्या पद्धतीपेक्षा जास्त विचित्र निघते. खऱ्या जगातच बघा ना, मलेशियात १३ राज्यं, त्यातल्या ९ राज्यांत परंपरेने आलेले राजे, आणि हे ९ जण मिळून दर ५ वर्षांनी आपल्यातल्याच एकाला अख्ख्या देशाचा राजा निवडतात. निवडून आलेला राजा, तोही पाच वर्षांपुरता! त्या नऊपैकी एका राज्यात तर, नेगेरी सेंबिलान नाव त्याचं, तिथला राजाच मुळात चार सरदार मिळून निवडतात. हे आपण कल्पनेने लिहिलं असतं तर वाचणारा म्हणाला असता, जरा जास्तच होतंय.

सांगायला सोपं जावं म्हणून माझाच एक देश घेतो, नाव तारवा. वैना नावाची एक नदी डोंगरातून निघून समुद्राला मिळते. वर डोंगरात उंबरखोरं, मध्ये पठारावर गडनाड, खाली समुद्रावर शिंपलेबंदर, आणि नदीच्या पश्चिमेला कोरडं माळरान, त्याला वाळसरा म्हणतात, तिथे फिरते धनगर आणि उंटवाले. चारच प्रांत. सुरुवातीला चारपेक्षा जास्त घेऊच नका, खरंच सांगतो, पाचवा आला की पहिल्याचं काय ठरलं होतं ते आपणच विसरतो.

भीती, शिदोरी आणि हट्ट

प्रत्येक प्रांतासाठी कागदावर तीन गोष्टी लिहायच्या. भीती म्हणजे एकटं राहिलो तर काय होईल असं त्यांना वाटत होतं. शिदोरी म्हणजे येताना काय आणलं, पैसा, सैन्य, पाणी, खिंड, काहीही. आणि हट्ट म्हणजे करारावर सही करताना ज्या एका गोष्टीवर ते उठून जायला तयार होते ती.

तारव्यात समजा सव्वाशे वर्षांपूर्वी उत्तरेकडून एक मोठं साम्राज्य चालून आलं. शिंपलेबंदरला भीती होती की आपली जहाजं जाळतील. त्यांच्याकडे शिदोरीला पैसा, आणि हट्ट असा की व्यापाराचे खटले आमच्याच कोर्टात चालतील. उंबरखोऱ्याला भीती साम्राज्याची नव्हतीच, खालचे पैसेवाले येऊन जमिनी विकत घेतील याची होती. शिदोरी म्हणजे खिंडी आणि नदीचा उगम, हट्ट असा की बाहेरच्याला आमच्याकडे जमीन घेता येणार नाही आणि संघाचं सैन्य खोऱ्यात मुक्काम करणार नाही. गडनाडने तर साम्राज्याची बाजू घेतली होती, हरले, आणि त्यांना ओढून आत घेतलं. हरलेल्याचा कसला हट्ट, तरी राजाची गादी आणि त्याच्या खासगी जमिनी तेवढ्या वाचल्या. आणि वाळसऱ्याला कोणी विचारलंच नाही. नकाशावर रेघ ओढली तेव्हा ते लोक चाऱ्यासाठी दुसरीकडे गेले होते.

बघा, अजून कोण राज्य करतं याबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही, पण भांडणं दिसायला लागली की नाही?

प्रवेशाच्या तऱ्हा वेगवेगळ्या ठेवा एवढं मात्र बघा. काही जण आपणहून एकत्र येतात, अमेरिकेच्या सुरुवातीच्या १३ वसाहती आल्या तशा. काही देश आधी एकसंधच असतात आणि तुटू नये म्हणून आतून सैल करत जातात, बेल्जियम १८३० पासून एकसंध देश होता आणि संघराज्य म्हणून घटनेत लिहिलं गेलं १९९३ मध्ये. काही जबरदस्तीने येतात. आणि काही उशिरा येतात, उशिरा येणारा बऱ्याचदा जास्त मागून घेतो कारण तोपर्यंत त्याची गरज सगळ्यांना कळलेली असते. मलेशियातली सबा आणि सारावाक ही बोर्निओ बेटावरची राज्यं १९६३ मध्ये जोडली गेली, तेव्हा त्यांनी येण्याजाण्यावरचं नियंत्रण स्वतःकडे ठेवलं, त्यामुळे आजही मुख्य भूमीवरच्या मलेशियन माणसाला तिथे नोकरी करायची तर परवाना लागतो. स्वतःच्याच देशात! एवढ्या एका नियमावर कादंबरी उभी राहील.

नदीतलं प्रेत

आता अधिकार वाटायचे. इथे लोक लांबलचक याद्या करत बसतात, संरक्षण केंद्राकडे, शिक्षण प्रांताकडे वगैरे, आणि मग कंटाळून सोडून देतात. माझा उपाय असा की यादी नंतर, आधी एक घटना घ्या. वैना नदीत एक प्रेत वाहत आलं. मेलेला माणूस वाळसऱ्याचा, मारलं गेलं बहुतेक उंबरखोऱ्यात, सापडला गडनाडच्या हद्दीत, आणि त्याच्या खिशात शिंपलेबंदरच्या सावकाराची हुंडी. आता सांगा, तपास कोण करणार, खटला कुठे चालणार, शिक्षा कोणाच्या कायद्याने, हुंडीचे पैसे कोणाला मिळणार आणि वारस कोण हे कोण ठरवणार?

या पाच प्रश्नांची उत्तरं देताना तुमची अर्धी राज्यघटना लिहून होते. हुंडीचा प्रश्न आला की शिंपलेबंदर म्हणणार व्यापाराचा खटला आमचा, करार बघा. गडनाडचा पोलीस म्हणणार प्रेत माझ्या हद्दीत आहे. वारसाचा कायदा वाळसऱ्याचा, कारण (हे मी नंतर ठरवलं) त्यांचा कायदा जमिनीला नाही, माणसाला चिकटलेला आहे, माणूस जाईल तिथे कायदा त्याच्याबरोबर. खून झाला तर अशी एक घटना, साथ पसरली तर दुसरी, पूल बांधायचा तर तिसरी, अशा तीनचार घटना चालवून बघा. याद्या आपोआप तयार होतात.

मग एक प्रश्न उरतो जो हमखास सगळे विसरतात. यादीत जे नाहीच ते कोणाचं? करार लिहिला तेव्हा तार नव्हती, रेल्वे नव्हती, तुमच्या जगात जादू असेल तर अमुक एक जादू कोणाला माहीत नव्हती. ती आली की तिच्यावर कायदा कोण करणार? अमेरिकेत १७९१ च्या दहाव्या दुरुस्तीने उरलेलं सगळं राज्यांना किंवा लोकांना दिलं. कॅनडाने १८६७ मध्ये बरोबर उलटं केलं, उरलेलं केंद्राला, कारण शेजारी अमेरिकेत राज्यांच्या हक्कांवरून यादवी युद्ध झालेलं त्यांनी नुकतंच पाहिलं होतं. भारताच्या घटनेत सातव्या अनुसूचीत तीन सूची आहेत, केंद्राची, राज्यांची आणि दोघांची मिळून समवर्ती, आणि तरी जे उरतं ते संसदेकडे. यातलं काहीही घ्या, पण त्यामागे कोणाची तरी भीती असू द्या. कॅनडाच्या उदाहरणात ती किती स्पष्ट दिसते बघा.

आणि हो, ज्यावर कोणाचंच लक्ष नव्हतं अशा एकदोन गोष्टी मुद्दाम वेगवेगळ्या ठेवून द्या. ऑस्ट्रेलियातल्या वसाहतींनी संघराज्य होण्याआधी आपापले रेल्वेमार्ग टाकले, व्हिक्टोरियाने १६०० मिलिमीटर रुंदीचा, न्यू साउथ वेल्सने १४३५ चा, क्वीन्सलँडने १०६७ चा. देश एक झाला १९०१ मध्ये, पण सिडनी ते मेलबर्न गाडी न बदलता जायला १९६२ उजाडावं लागलं. राज्यघटनेतल्या चार कलमांपेक्षा मध्यरात्री सीमेवरच्या स्टेशनात बोचकी घेऊन गाडी बदलणारे प्रवासी वाचणाऱ्याच्या जास्त लक्षात राहतात.

पैसा, म्हणजे खरी राज्यघटना

हा भाग टाळू नका, मला माहितीये कंटाळवाणा वाटतो, पण प्रांताची खरी ताकद त्याच्या झेंड्यात नसते, तिजोरीत असते. दोनच प्रश्न विचारायचे. टॅक्स गोळा कोण करतो, आणि खर्च कोणाला करावा लागतो. ही दोन्ही उत्तरं एकच आली तर प्रांत खरोखर स्वायत्त. वेगळी आली तर कितीही मोठी घटना लिहा, शेवटी एकाला दुसऱ्याच्या दारात उभं राहावं लागतं.

ऑस्ट्रेलियाचंच घ्या. १९४२ पर्यंत तिथली राज्यं स्वतःचा इन्कम टॅक्स घ्यायची. युद्ध चालू होतं, केंद्राने तो आपल्याकडे घेतला, युद्ध संपलं तरी परत दिला नाही. राज्यघटनेत राज्यांचे अधिकार होते तिथेच राहिले, शाळा त्यांच्या, दवाखाने त्यांचे, पण पैसे केंद्राकडून, आणि घटनेच्या ९६ व्या कलमाप्रमाणे केंद्राला वाटेल त्या अटींवर. एक ओळ न बदलता अख्ख्या देशाचा तोल बदलला. तुमच्या देशाच्या इतिहासात असं एक संकट घाला ज्यात तात्पुरतं म्हणून काहीतरी केंद्राने घेतलं आणि मग ते तिथेच राहिलं.

तारव्यात मी असं केलंय की बंदरातली जकात संघाकडे जाते, त्यामुळे संघाच्या खजिन्यातल्या दर १० नाण्यांतली ६ शिंपलेबंदरची. ते म्हणतात, पैसे आमचे तर मतं पण आमची जास्त हवीत. उंबरखोरं म्हणतं, तुमची जहाजं ज्या नदीतून आत येतात तिचं पाणी आमचं, आम्ही अडवलं तर गाळात रुताल. दोघंही खरं बोलतात. असंच भांडण पाहिजे, एक बाजू सरळ चुकीची असेल तर ते भांडण दोन पानांत संपतं.

मधला मार्ग काढायचा तर खऱ्या जगातून आकडे उचला, लाजू नका. भारतात २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा केंद्र आणि राज्यांची मिळून एक परिषद केली, तिच्यात केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश, आणि निर्णयाला हजर असलेल्यांची तीन चतुर्थांश मतं लागतात. म्हणजे एकटं केंद्र काही पास करू शकत नाही, पण केंद्र नको म्हणालं तर राज्यं सगळी एक होऊनसुद्धा काही करू शकत नाहीत. गणित करून बघा, किती बेमालूम बसवलंय ते. संयुक्त अरब अमिरातीत तर आकडेमोडही नाही, सात अमिरातींच्या राज्यकर्त्यांच्या सर्वोच्च परिषदेत महत्त्वाच्या निर्णयाला पाच जण लागतात आणि त्या पाचात अबू धाबी आणि दुबई असलेच पाहिजेत. पैसा कोणाचा हे सरळ कलमातच लिहून टाकलंय.

आता खुर्चीकडे

इतकं झाल्यावर प्रांताच्या आत कोण राज्य करतं तिकडे वळा. इथे पद्धतीचं नाव लिहू नका, लोकशाही राजेशाही हे शब्दच काही दिवस बाजूला ठेवा. त्याऐवजी हे विचारा: खुर्चीवर कोण बसतो, त्याला उठवू कोण शकतो, तो चुकत असताना त्याचा हात धरणारा कोण, आणि तो आज रात्री मेला तर उद्या सकाळी शिक्का कोणाच्या हातात असेल? शेवटचा प्रश्न सगळ्यात भारी. त्याचं उत्तर पटकन देता आलं नाही तर समजा पद्धत अजून कच्ची आहे.

उंबरखोऱ्यात बाहेरच्याला जमीन नाही, म्हणून सगळे एकमेकांना ओळखतात, म्हणून वर्षातून एकदा मैदानात जमून हात वर करून निर्णय. हे अगदी खरं चालतं, स्वित्झर्लंडच्या २६ कँटनपैकी (कँटन म्हणजे तिथलं राज्य) ग्लारूस आणि आपेनझेल इनरऱ्होडन या दोन ठिकाणी आजही चालतं, आणि ग्लारूसमध्ये तर हात मोजतही नाहीत, अध्यक्ष नजरेने अंदाज घेऊन सांगतो कुठली बाजू जास्त. वाचायला किती गोड ना? पण आता जरा आत शिरा. मत गुप्त नाही. ज्याच्याकडून कर्ज घेतलंय तो शेजारीच उभा आहे. जो आजारी आहे, जो वर कुरणात गुरं राखतोय, त्याचा हात मोजला जाणार नाही. आणि मैदानात कोणाला उभं राहू द्यायचं हे मैदानच ठरवतं: इनरऱ्होडनमध्ये बायकांना कँटनचं मत मिळालं ते १९९० मध्ये, तेही मैदानातल्या पुरुषांनी नाही म्हटल्यावर संघाच्या सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला म्हणून. म्हणजे खालची सगळ्यात थेट लोकशाही आणि वरून आलेला हुकूम, आणि त्या वेळी बरोबर वरचा हुकूम. असा प्रसंग तुमच्या देशात एक तरी ठेवाच, नाहीतर केंद्र म्हणजे खलनायक आणि प्रांत म्हणजे बिचारा असं बाळबोध होऊन बसतं.

शिंपलेबंदरमध्ये पैसा ही शिदोरी होती, तर तिथे मतही पैशाने. जास्त टॅक्स त्याचं वजन जास्त. प्रशिया या जर्मन राज्यात १८४९ पासून १९१८ पर्यंत असं होतं, मतदारांचे टॅक्सप्रमाणे तीन वर्ग, प्रत्येक वर्गाने एकूण टॅक्सचा एक तृतीयांश भरलेला, आणि तिन्ही वर्गांचं एकूण वजन सारखंच, त्यामुळे पहिल्या वर्गात मूठभर श्रीमंत, कुठे कुठे तर एकच माणूस, आणि तिसऱ्यात बाकी सगळं गाव. पण मजा पुढेच आहे. १८७१ नंतर हाच प्रशिया जर्मन साम्राज्याचा सगळ्यात मोठा घटक झाला आणि साम्राज्याच्या संसदेसाठी मात्र सगळ्या प्रौढ पुरुषांना सारखं मत. तोच कामगार, तेच गाव, एका निवडणुकीत त्याचं मत मालकाइतकं आणि दुसऱ्या निवडणुकीत जवळजवळ शून्य. दोन पातळ्यांवर दोन नियम असले की माणसाच्या डोक्यात काय होतं, त्यावर कॅरेक्टर उभं करा.

गडनाडवर मी फार वेळ घालवत नाही. राजा आहे, शिक्का त्याच्याकडे, पण हरल्यावर केंद्राने दिवाण नेमला आणि दिवाणाच्या सहीशिवाय शिक्का चालत नाही. राजा मेला की वारस ठरवायला संघाची मान्यता लागते, म्हणून प्रत्येक राजपुत्र लहानपणापासून राजधानीत ओळखी वाढवतोय. बस, एवढ्यावर भरपूर होतं.

वाळसऱ्याने मला सगळ्यात जास्त छळलं. फिरत्या लोकांना मतदारसंघ कसा आखून देणार? मग सुचलं की जागा टोळीप्रमाणे, गावाप्रमाणे नाही. आणि माणसाला चिकटलेला कायदा म्हणजे निव्वळ कल्पना वाटेल, पण बेल्जियम बघा, तिथे दोन जाळी एकावर एक टाकलीत. तीन प्रदेश जमिनीप्रमाणे, आणि तीन समाज भाषेप्रमाणे. ब्रुसेल्सच्या एकाच गल्लीत एक शाळा डच भाषिक समाजाच्या अखत्यारीत आणि पलीकडची फ्रेंच भाषिकांच्या. वाळसऱ्याच्या सभेत मी पक्षही ठेवले नाहीत, हे कॅनडाच्या नुनावुत प्रदेशावरून घेतलं, १९९९ मध्ये तो वेगळा झाला, तिथल्या विधिमंडळात पक्षच नाहीत, निवडून आलेले सगळे आपल्यातूनच प्रमुख आणि मंत्री निवडतात आणि उरलेले विरोधकाचं काम करतात. म्हणजे मंत्री नेहमी अल्पमतात. किती नाट्य आहे यात.

केंद्राचा माणूस

चारही प्रांत उभे झाले की प्रत्येकात केंद्राचा एक माणूस बसवायचा का ते ठरवा. गव्हर्नर हा एकच शब्द घ्या आणि बघा किती वेगवेगळे अर्थ निघतात. अमेरिकेत गव्हर्नर राज्यातल्या लोकांनी निवडलेला, राज्याचा मुख्य कारभारीच तो. भारतात राज्यपाल राष्ट्रपती नेमतात आणि कारभार मुख्यमंत्र्याकडे. ऑस्ट्रेलियात राज्याचा गव्हर्नर राजाच्या नावाने नेमला जातो पण सल्ला त्या राज्याच्या मुख्यमंत्र्याचा, केंद्राचा काही संबंध नाही. कॅनडात तशाच पदावरच्या माणसासाठी सल्ला केंद्राचा. टोपी एकच, डोकी चार.

आणि मग तो मोठा हातोडा, प्रांताचं सरकारच बरखास्त करायचा अधिकार. भारताच्या घटनेत तो ३५६ व्या कलमात आहे, आणि १९९४ च्या बोम्मई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बहुमत आहे की नाही ते राजभवनात नाही, विधानसभेच्या सभागृहात तपासायचं, आणि बरखास्तीची चौकशी कोर्ट करू शकतं. हातोडा ठेवा, पण तो उचलला तर कोणाला जाब द्यावा लागतो तेही ठेवा. तारव्यात हा हातोडा फक्त गडनाडवर चालतो, बाकीच्यांनी करारात नाही म्हटलं होतं, आणि हेच गडनाडचं आजचं दुखणं आहे, गादी वगैरे सगळं नंतर.

वरच्या सभागृहाचं थोडक्यात. सगळ्यांना सारख्या जागा (अमेरिकेत राज्य छोटं असो की मोठं, २ सिनेटर) की लोकसंख्येकडे बघून कमीजास्त (जर्मनीच्या बुंडेसराटमध्ये ६९ मतं, राज्याला किमान ३ आणि जास्तीत जास्त ६)? जर्मनीत अजून एक अट, राज्याची सगळी मतं एकाच बाजूला पडली पाहिजेत. मार्च २००२ मध्ये इमिग्रेशनच्या कायद्यावर ब्रांडेनबुर्ग राज्याच्या प्रतिनिधींनीच आपसात वेगवेगळं मत दिलं, अध्यक्षांनी ते होकार म्हणून धरलं, मोठा गोंधळ झाला आणि डिसेंबरमध्ये घटनात्मक न्यायालयाने तो कायदाच रद्द केला. आघाडी सरकार, अटीतटीचं मतदान आणि एक अस्पष्ट नियम, झाला क्लायमॅक्स तयार. वाळसऱ्याला मी आधी एकही जागा दिली नव्हती, नंतर दोन दिल्या, बाकीच्यांना पाच पाच, आणि त्या दोन कशा मिळाल्या ही कथा अजून लिहायची राहिलीये.

राजधानी शक्यतो कोणालाच आवडणार नाही अशा ठिकाणी टाका. ऑस्ट्रेलियाच्या घटनेत लिहिलंय की राजधानी न्यू साउथ वेल्समध्येच पण सिडनीपासून किमान १०० मैल लांब, आणि ती होईपर्यंत संसद मेलबर्नला बसेल. दोन शहरांचं भांडण सरळ कलमात वाचता येतं, कॅनबरा तिथूनच आलं. राजधानीत राहणाऱ्यांना मत आहे का तेही बघा, वॉशिंग्टनच्या लोकांना राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मत मिळालं ते १९६१ च्या दुरुस्तीने.

फुटून निघता येतं का? इथिओपियाच्या १९९५ च्या घटनेत ३९ व्या कलमात तसा हक्क चक्क लिहिलेला आहे. वेस्टर्न ऑस्ट्रेलियात १९३३ मध्ये जवळजवळ दोन तृतीयांश लोकांनी वेगळं व्हायला मत दिलं आणि पुढे काहीच झालं नाही, ब्रिटिश संसदेने अर्जच ऐकून घेतला नाही. आणि १९६५ मध्ये सिंगापूरला मलेशियातून बाहेर पडावं लागलं. देशातून हाकललं जाणं हा प्रकार काल्पनिक देशात कोणी वापरत नाही, वापरा की.

शेवटी वय घाला

एवढं सगळं करून देश अजून नवाकोरा दिसतो, कारण सगळे नियम ज्या हेतूने केले तसेच चाललेत. खऱ्या देशात असं नसतं. अमेरिकेत सिनेटर १९१३ पर्यंत राज्यांची विधिमंडळं निवडायची, मग सतराव्या दुरुस्तीने थेट लोक निवडायला लागले, नाव तेच, जागा त्याच, पण राज्य सरकारांचा दिल्लीदरबार म्हणा हवं तर, तो गेला. नायजेरियात १९६७ मध्ये चार प्रदेश मोडून बारा राज्यं केली, १९९६ पर्यंत ३६ झाली, आणि राष्ट्राध्यक्ष व्हायचं तर दोन तृतीयांश राज्यांत किमान २५ टक्के मतं लागतात, म्हणजे एका भागाचा पुढारी होऊन चालत नाही. तुमच्या करारातली निदान एक अट अशी करा जिचं कारण सगळे विसरलेत पण अट चालू आहे, आणि एक अशी जी कागदावर आहे पण कोणी पाळत नाही.

मग टेस्ट. एक माणूस घ्या, शक्यतो गरीब, आणि त्याला चारही प्रांतांतून चालवा. मी मिठाचा गाडीवान घेतला. शिंपलेबंदरला त्याने जकात भरली, पावती घेतली. गडनाडच्या नाक्यावर पावतीवर दिवाणाची सही आहे पण राजाचा शिक्का नाही म्हणून दोन दिवस थांबवलं, कारण राजा आजारी. तिथेच त्याला वाळसऱ्याची एक बाई भेटली, तिच्या भावाचं प्रेत नदीत सापडलंय आणि ते कोणत्या प्रांताने ताब्यात द्यायचं यावर नाक्यावरचे तिघे अधिकारी भांडतायत. गाडीवानाने एवढंच विचारलं, बाई, तुमचा कायदा काय म्हणतो? ती म्हणाली, आमचा कायदा म्हणतो सूर्य मावळायच्या आत पुरा. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि माझ्या वहीत त्याच्या पुढचं पान सध्या कोरं आहे.